जाळी का पुसत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे माझे फोटो बघून बहुतेक जण हेच म्हणतात: पक्षी सुरेख आलाय, पण मध्ये ती जाळी कशाला? घालवता येत नाही का?

येते की. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) २.८ वर, म्हणजे मोठं उघडं ठेवायचं, तारेची सावलीतली बाजू धरायची (उन्हातली तार चमकते आणि अख्खा फोटो दुधाळ करते) आणि पाखरू मागे सरकेपर्यंत थांबायचं. तार विरघळते. काचेचंही तसंच. रत्नागिरीच्या मत्स्यालयात काचेला लेन्स टेकवून मी कितीतरी मासे थेट समुद्रात पोहायला लावलेत.

गुहागरकडे ओळखीच्या एका घरी पडवीत पोपट होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं देशी पोपट पाळता येत नाही, हे आजींना सांगून पाहिलं. "अरे, घरट्यातून पडलेला. मांजरानं खाल्ला असता," म्हणाल्या. असेलही. बरं, सोडून द्या म्हणणंही सोपं नाही. माणसाळलेला पोपट रानात तगणं कठीण, वनखात्याकडेच द्यायला हवा. मी वाद सोडला आणि फोटो काढला. जाळी गायब, मागे परसातल्या आंब्याचा हिरवागार धूसरपणा. लोक विचारायला लागले, कुठल्या जंगलात मिळाला? मी नुसता हसलो. तेव्हा मजा वाटली होती, खोटं कशाला बोलू.

मग एकदा तोच फोटो मोठ्या स्क्रीनवर ताणून बघितला. शेपटीची टोकं जुन्या केरसुणीसारखी झिजलेली. चोचीच्या वरची पिसं घासून गेलेली. दांडी दोनच जागी गुळगुळीत, मधली तशीच खरखरीत. रानातल्या पोपटाची शेपटी अशी नसते, हे मला कळायला हवं होतं. तार मी घालवली होती, पण तिनं जे करायचं ते पिसांवर करून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला अपर्चर ११ वर नेलं, म्हणजे भोक लहान केलं, आणि फोकस तारेवर धरला. चोच पोचते तेवढ्याच उंचीवर तारेचा हिरवा रंग उडालेला, खाली लोखंड उघडं. पोपट मागे जरासा पुसट.

आजींना तो दाखवला. चष्मा लावून बघितला त्यांनी. "मेल्यानं सगळा रंग खाल्लान." मग बराच वेळ गप्प. चहा देताना विचारलं, "याच्याहून मोठा पिंजरा कुठं मिळेल रे?"

चिपळूणला मिळेल, म्हणालो.