जन्मतारीख १ जून : अब्बांसोबत कोल्हापूर ते अमेरिका, जादा तपासणीसकट

अब्बांचं आडनाव शेख. नाव असं की मशिदीत हाक मारली तर चारजण वळून बघतील. आणि पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. एवढ्या तीन गोष्टींवर माणसाला विमानतळावर किती वेळ बसवून ठेवता येतं, हे बहिणीकडं न्यू जर्सीला जाता-येता आम्हाला चांगलंच कळलंय. माझंही आडनाव तेच, पण मला कुणी अडवत नाही. अब्बांना दरवेळी बाजूला घेतात. घरात म्हातारी माणसं असतील आणि पोरं तिकडं असतील, तर पुढचं वाचा. उपयोगी पडेल.

१ जूनचं आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. करवीर, कागल, राधानगरी, कुठल्याही तालुक्यातले पेन्शनर गोळा करा, एक जूनवाले ढिगानं निघतील. आता संगणकाच्या बाजूनं बघा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग विमान कंपनीला आधीच तिकडं कळवावं लागतं आणि ते त्यांच्या याद्यांशी ताडून बघतात. नाव सर्रास आढळणारं आणि तारीखही तशीच, मग दुसऱ्याच कुणाच्या नोंदीशी गाठ पडायला कितीसा वेळ? एखाद्या पाटीलकाकांच्या बाबतीतही हे होऊ शकतं. शेखांच्या बाबतीत जास्त होतं. त्याचं कारण तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्यावर इथं लिहीत बसत नाही, कारण काउंटरवर त्याचा काही उपयोग होत नाही.

पहिला फटका घरीच बसला. निघायच्या आदल्या दिवशी वेब चेक-इन करायला गेलो. माझं झालं. अब्बांचं होईना, ‘विमानतळावरच्या काउंटरवर या’ एवढंच येत राहिलं. हे दिसलं की समजायचं, बोर्डिंग पासवर चार एस येणार. म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर ओळीनं चारदा छापलेलं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ज्यांची सुरक्षा तपासणी दुसऱ्यांदा करायची, त्यांच्या पासवर ही खूण असते. कधी ती नाव जुळल्यामुळं येते, कधी नुसती चिठ्ठी काढल्यासारखी कुणाच्याही वाट्याला येते. एकदा आली तर गप्प बसा. दरवेळी यायला लागली तर मात्र हातपाय हलवा. कसे, ते खाली सांगतो.

विमानात चढायच्या दारापाशीच ही तपासणी झाली. बूट काढा, पट्टा काढा, बॅग पूर्ण रिकामी करा. एक बाई हातमोजे घालून कापडाची छोटी पट्टी आधी अब्बांच्या तळव्यांवरून फिरवायची, मग ती यंत्रात घालायची, मग पुन्हा नवी पट्टी. अम्मीनं लेकीसाठी दिलेला कांदा-लसूण चटणीचा स्टीलचा डबा अब्बांनी हट्टानं हातातल्या पिशवीत ठेवला होता. बाईंनी झाकण उघडलं, वास नाकात गेला आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. अब्बा म्हणाले, “घरची आहे.” शेवटी डबा मिळाला, पण वेळ गेलाच. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात साडेतीनशे मिलीलिटरपेक्षा जास्त पूड असली की ती वेगळी तपासतात, २०१८ पासून हा नियम आहे. चटणी, मेतकूट, पिठं, सगळं मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही. मटणाचं लोणचं तर घेऊच नका, भारतातून मांसाचे पदार्थ तिकडं नेता येत नाहीत. बाकी जे खायचं नेताय ते विचारल्यावर ‘आहे’ म्हणून सांगायचं. सांगितलेल्या वस्तूला फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड बसतो.

आता मुद्द्याचं. लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. विमानात चढण्याआधीची सुरक्षा तपासणी एक. उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट बघतो आणि तिथून आतल्या खोलीत पाठवतो, ती दुसरी. सामानाची, खाण्यापिण्याची तिसरी. चार एसचा संबंध पहिलीशी. अब्बांना खरा वेळ लागतो तो दुसरीत. दोन्हींवरचा उपाय अगदी एक नाही. म्हणून एक बंद झाली तरी दुसरी चालू राहिली, तर गोंधळून जाऊ नका.

त्या खोलीबद्दल थोडं सांगतो. खुर्च्यांच्या रांगा, समोर उंच काउंटर. फोन वापरायचा नाही अशी पाटी. तुमचा पासपोर्ट एका फोल्डरमधून तिथं पोचतो, तुम्ही बसायचं आणि नाव पुकारायची वाट बघायची. नावाचा उच्चार असा होतो की आपलंच आहे का कळत नाही, तेव्हा कान उघडे ठेवा. आम्हाला एकाच काउंटरवर एकत्र जाऊ दिलं होतं, म्हणून मला आत अब्बांसोबत बसता आलं. एका घरात राहणारे असाल तर सुरुवातीच्या रांगेतच एकत्र उभे राहा.

अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्यानं जन्मतारीख विचारली. मी मराठीत सांगितल्यावर अब्बा मला म्हणाले, “खरी सांगू का कागदावरची?” माझ्या पोटात गोळाच आला. अब्बांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणं ते भर पावसात, बेंदराच्या आसपास जन्मले, आणि ही कथा ते कुणालाही सांगतात. तिथं सांगायची नाही. पासपोर्टवर आहे तीच त्यांची कायद्यानं जन्मतारीख. व्हिसाच्या फॉर्ममध्ये तीच, तिकिटात तीच, तोंडातही तीच. घरातून निघण्याआधी म्हाताऱ्यांकडून ही उजळणी करून घ्या. कुणाकडं जाताय, पत्ता काय, किती दिवस राहणार, खर्च कुणाचा, आयुष्यभर काय काम केलं. अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ते नुसतं “सर्व्हिस” म्हणायचे, अधिकाऱ्याला काही बोध होईना. “बसगाड्या दुरुस्त करायचो” म्हटल्यावर एका वाक्यात काम झालं. हजला गेल्याचे शिक्के होते, त्याबद्दल विचारलं. जे होतं ते सांगितलं. विचारलं तेवढंच उत्तर, वर पदरचं काही जोडायचं नाही. इंग्रजी येत नसेल आणि सोबत कुणी नसेल तर दुभाषी मागता येतो, त्यात लाजायचं काही नाही. कधी कधी फोन बघायला मागतात. पाहुणा म्हणून आलेल्यानं नाही म्हटलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, हे धरून चाला. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी, आत घ्यायचं की नाही ते तोच अधिकारी ठरवतो.

फोन बंद म्हणजे बाहेर उभ्या बहिणीचा जीव टांगणीला. तिला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन तास काही कळलं नाही तरी घाबरायचं नाही. पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात. साखरेची, बीपीची औषधं आणि बिस्किटाचा पुडा अंगाजवळ. व्हीलचेअर घेतली असेल तर ढकलणारा माणूस खोलीच्या दारातून निघून जातो, बाहेर पडल्यावर पुन्हा मागावी लागते. मोठ्या बॅगा तोवर पट्ट्यावरून काढून बाजूला ठेवलेल्या असतात. पट्टा मोकळा दिसला म्हणून आरडाओरडा करू नका.

तिकीट काढताना ह्याच तासांचा हिशेब करा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरता तिथंच इमिग्रेशन होतं, बॅगाही तिथंच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. पुढचं विमान असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग विमान चुकलं तरी पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात पडतं. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. तिथं खोलीत बसवलं तर चुकतं ते अमेरिकेचं मोठं विमानच. म्हणून त्या मार्गानं स्वस्त मिळतंय म्हणून दीड-दोन तासांचं कनेक्शन घेऊ नका. आणि कोल्हापूर-मुंबईचं काय? महामार्गाच्या सहापदरीकरणानं गाडी कुठं अडकेल सांगता येत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं आदल्या रात्री निघतो, दिवसभर नातेवाइकांकडं आणि मग टर्मिनल दोन.

आता उपाय. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची ‘ट्रिप’ नावाची तक्रार-निवारण सोय आहे, २००७ पासून. कुठल्याही देशाचा माणूस ऑनलाइन अर्ज करू शकतो, पैसे लागत नाहीत. कुठं, कधी, काय झालं ते लिहायचं आणि पासपोर्टच्या पानाची प्रत जोडायची. एजंटची गरज नाही. एकजण ह्याचे पैसे मागत होता, त्याला लांबूनच नमस्कार केला. उत्तरात तुम्ही कुठल्या यादीत आहात की नाही हे ते कधीच सांगत नाहीत, पण सात आकडी रिड्रेस नंबर मिळतो. तो प्रत्येक तिकिटात, ‘रिड्रेस नंबर’ अशी वेगळी जागा असते तिथं टाकायचा. मी तो टाकायला लागल्यापासून अब्बांच्या पासवरचे चार एस गेले. आतली खोली लगेच सुटली नाही. पुढच्या खेपेला बसवलं, पण थोडक्यात सोडलं. वारंवार जाणार असाल तर ग्लोबल एंट्री आहे, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्यांना उतरल्यावर इमिग्रेशनमधून झटपट सोडायची सोय, भारतीयांना २०१७ पासून खुली. पाच वर्षांसाठी फी १२० डॉलर, मुलाखत, आणि आपल्याकडची पडताळणी पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरूनच होते. वर्षाआड जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एवढा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही.

निघताना आपल्या इमिग्रेशनलाही असं होऊ शकतं. त्याच नावाच्या दुसऱ्या कुणावर लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवायची सूचना) असेल तर बाजूच्या टेबलाकडं नेतात. तिथं वडिलांचं नाव, जुने पासपोर्ट नंबर ह्यांवरून फरक कळतो, म्हणून जुने पासपोर्ट टाकून देऊ नका, सोबत बांधून न्या.

पासपोर्टच नवा काढायचा असेल तर कोल्हापुरात पोस्टातलं केंद्र आहे, पुण्याला धावायला नको. तिथं एकच नीट बघा : आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव. आडनावाची जागा रिकामी ठेवली की पुढं व्हिसापासून तिकिटापर्यंत घोळ. तिकिटावर वडिलांचं नाव गाळू नका, तेवढंच तुम्हाला दुसऱ्या शेखापासून, दुसऱ्या पाटलापासून वेगळं करतं. आणि १ जून बदलून ‘खरी’ तारीख लावायच्या नादाला ह्या वयात लागू नका. जुने व्हिसे, जुन्या नोंदी एका तारखेवर आणि नवा पासपोर्ट दुसऱ्या, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पोचल्यावर झोपायच्या आधी आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत आत घेतल्याची, ऑनलाइन नोंद उघडून बघा. किती तारखेपर्यंत राहता येईल ते तिथं लिहिलेलं असतं, व्हिसा संपायची तारीख ती नव्हे. अब्बांच्या नोंदीत नाव आणि आडनाव उलटसुलट पडलं होतं. विमानतळाजवळच्या इमिग्रेशनवाल्यांच्याच कार्यालयात पासपोर्ट घेऊन गेलो, दुरुस्त करून मिळालं. तसंच राहिलं असतं तर पुढच्या खेपेला तेही विचारलं असतं.