फळ्यावर राहिलेले वाक्प्रचार

आधीचा तास मराठीचा होता. बाईंनी लिहिलेले वाक्प्रचार फळ्यावर तसेच राहिले होते : तोंडाला कोरड पडणे, अंगावर काटा येणे, हातपाय गार पडणे. मॉनिटर डस्टर घेऊन उठला, तर विज्ञानाच्या सरांनी त्याला खाली बसवलं. "पुसू नकोस. आजचा धडा हाच आहे."

मग एकेका वाक्प्रचारापुढे सर कारण लिहीत गेले. भीती वाटली की अनुकंपी चेता, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू, कामाला लागतात. लाळ आटते. केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो, तोच काटा. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात गार. आपल्या पूर्वजांनी हे किती नेमकं टिपून ठेवलंय, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यानंतर सरांनी आम्हाला मनगटावर बोटं ठेवायला लावली. श्वास घेताना नाडी जराशी जलद, सोडताना संथ. "ही संथ करणारी व्हेगस, मेंदूकडून हृदयाकडे येणारी चेता," सर म्हणाले, आणि ऑटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. प्रयोग स्वप्नात सुचला, अर्धवट झोपेत टिपून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री पुन्हा सुचल्यावर ते थेट प्रयोगशाळेत गेले. १९२१ साल. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेतवली, त्यातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. चेता रसायनातून निरोप देते, हे त्यातून कळलं. १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आज मी भूलतज्ज्ञ आहे. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. निवांत बसल्यावर ७०-७२ पडतात ते व्हेगसने लगाम धरलेला असतो म्हणून. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा हा लगाम तुटलेला असतो, त्यामुळे त्याची नाडी विश्रांतीतही जलद चालते. कधी लगाम फारच आवळला जातो. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला की मॉनिटरची टिकटिक एकदम लांबते. "सोडा," मी सर्जनना म्हणते. ताण सुटला की बहुतेक वेळा ठोके सावरतात. नाहीतर अ‍ॅट्रोपिन द्यायचं, म्हणजे व्हेगसचा निरोप हृदयापर्यंत पोचत नाही.

टेबलावर आलेल्या लहानग्याचा हात मी आधी हातात घेते. गार असतो, तळवा ओलसर. "लांब श्वास सोड बघू," म्हणते, आणि बोट त्याच्या मनगटावर ठेवते.