परदेशातल्या ओट्यासाठी भांडी घेताना आधी शेगडी बघा

परदेशात घर भाड्याने घेतलं की ओट्यावर बहुतेक वेळा गॅस नसतो. काळी, गुळगुळीत काच असते आणि तिच्यावर चार वर्तुळं आखलेली असतात. भांडी कोणती घ्यायची हे निम्मं तिथेच ठरतं. नव्याने आलेली मंडळी मात्र आधी दुकानात जातात, चकचकीत खोक्यातला बारा नगांचा संच उचलतात आणि त्यातली निम्मी भांडी आपल्या शेगडीवर तापतच नाहीत, हे घरी आल्यावर कळतं. (त्या बारा नगांत झाकणंही मोजलेली असतात, हे वेगळंच.)

काच वरून सारखी दिसली तरी तिच्याखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एका प्रकारात तारेचं वेटोळं लाल होतं, त्याने काच तापते आणि काचेवरचं भांडं तापतं. दुसरा प्रकार इंडक्शनचा. त्यात काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा उलटसुलट होणारा प्रवाह जातो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचं बूड स्वतःच तापतं. आपल्याकडे कोणती आहे ते भांडं न ठेवता बटण दाबलं की समजतं. वर्तुळ लाल झालं तर तारेची. इंडक्शन भांड्याशिवाय तापत नाही, नुसती खूण लुकलुकते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होते.

तारेच्या शेगडीवर कुठल्याही धातूचं भांडं चालतं. इंडक्शनवर मात्र बुडाला चुंबक चिकटायलाच हवं. दुकानात जाताना फ्रिजवरचं एक चुंबक खिशात टाका आणि बुडाच्या मधोमध न लावता कडेपर्यंत फिरवून बघा. अॅल्युमिनियमच्या बऱ्याच स्वस्त पॅनना खाली भोकांची पातळ स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. ती बुडापेक्षा बरीच लहान असते. चुंबक मध्ये चिकटतं, कडेला घसरतं. अशा पॅनमध्ये मधला कांदा करपतो आणि कडेचा पांढराच राहतो. खोक्यावर ‘इंडक्शनवर चालते’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं.

स्टीलवरचे आकडेही इथेच समजून घ्या. १८/१० म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. हे स्टील गंजत नाही, दिसायला सुंदर असतं, पण त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. १८/० मध्ये निकेल नसतं, त्याला चिकटतं. म्हणून चांगल्या पातेल्यात आतून १८/१०, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेरून चुंबकीय स्टील असे तीन थर असतात. आतल्या बाजूला चुंबक चिकटलं नाही म्हणून भांडं परत ठेवू नका.

मधलं अॅल्युमिनियम कशाला, तर स्टील उष्णता पसरवण्यात फार मंद असतं. उष्णतावाहकतेचे आकडे बघा: तांबं साधारण ४००, अॅल्युमिनियम २३५ च्या आसपास, बीड ५० च्या जवळपास आणि स्टेनलेस स्टील जेमतेम १५. नुसत्या स्टीलच्या पातळ पातेल्यात वेटोळ्याच्या बरोबर वरचा भाग तापतो, शेजारचा थंड राहतो आणि दूध नेमकं त्या गोलाकार पट्ट्यातच खाली लागतं. ढवळून उपयोग होत नाही, कारण दोष बुडाचा असतो.

गॅसची ज्योत भांड्याच्या बाजूंनाही चाटून जाते. काचेच्या शेगडीवर बाजूंना काहीच मिळत नाही, सगळी उष्णता बुडातूनच येते. त्यामुळे गॅसवर लागू असलेला एक सल्ला इथे थोडा बदलतो. तळापासून काठापर्यंत तीन थर असलेली भांडी महाग असतात आणि गॅसवर त्यांचा खरोखर उपयोग होतो, कारण नुसत्या जाड चकतीच्या बुडाच्या पातेल्यात चकती संपते तिथे बाजूचा पातळ पत्रा ज्योतीने तापतो आणि पदार्थ करपतो. काचेच्या शेगडीवर तो प्रश्न येत नाही. डाळ, भात, सूप, पाणी उकळणं यांसाठी ५ ते ६ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची चकती असलेलं पातेलं तितकंच चांगलं काम करतं, कधीकधी जास्तच. पूर्ण तीन थरांवर पैसे घालवायचेच असतील तर परतायच्या पॅनवर घालवा.

बूड सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी समजत नाही. भांडं पालथं करा, बुडावर पट्टीची कड उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधोमध कागदाइतकी फट दिसली तर चांगलंच आहे. तापल्यावर धातू पसरतो आणि बूड काचेवर सपाट टेकतं. उलट, पट्टी मधोमध टेकून कडेला डुलत असेल तर ते भांडं नको. ते काचेवर भोवऱ्यासारखं फिरतं, तेल कडेला पळतं आणि मधला भाग कोरडा पडून जळतो. गोल बुडाची कढई या शेगडीवर ठेवायचा हट्ट करू नये. सपाट बुडाची कढई मिळते, फक्त तिचं सपाट बूड किमान १४ ते १६ सेंटिमीटर आहे ना ते मोजा.

हे मोजणं महत्त्वाचं, कारण पॅनवर लिहिलेला आकडा वरच्या काठाचा असतो. २८ सेंटिमीटरच्या पॅनचं बूड बरेचदा २१-२२ सेंटिमीटरच भरतं. काचेवरची वर्तुळं साधारणपणे १४.५, १८ आणि २१ सेंटिमीटरची असतात. तेव्हा ३२ चा मोठा पॅन घेतला तर बाहेरचा भाग कायम कमी तापलेला राहणार. दुसरं टोक म्हणजे फोडणीचं छोटं भांडं. बूड फार लहान असेल तर इंडक्शनला भांडं ठेवल्याचंच कळत नाही. बऱ्याच शेगड्यांच्या मधल्या आकाराच्या वर्तुळावर १२ सेंटिमीटरच्या आतलं भांडं तापत नाही. यावर मिळणारी मध्ये ठेवायची लोखंडी चकती घेऊ नका. ती आधी स्वतः तापते, मग भांडं तापवते, वेळ दुप्पट लागतो आणि अडकलेल्या उष्णतेने शेगडी मध्येच बंद पडते.

स्टीलच्या पॅनला चिकटतं ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा त्यात पॅनचा दोष नसतो. थंड स्टीलवर अंडं किंवा पनीर टाकलं की त्यातली प्रथिनं धातूला धरून बसतात. पॅन कोरडाच मध्यम आचेवर, म्हणजे ९ पैकी ५ वर, दोन-तीन मिनिटं ठेवा. बोटाने पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून उडून गेला तर पॅन अजून पुरेसा तापलेला नाही. थेंब न उडता पाऱ्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की तेल घाला, आच एक-दोन अंकांनी उतरवा आणि तेल हलकं लहरायला लागल्यावर पदार्थ सोडा. सोडल्यावर लगेच उलथणं घालू नका. खालची बाजू खरपूस झाली की ती आपणहून सुटते. पाण्यात मीठ घालायचं तर उकळी आल्यावर घाला. थंड पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून स्टीलवर बारीक टोचे पाडतं आणि ते कायमचे राहतात. इंद्रधनुष्यी डाग मात्र निरुपद्रवी. चमचाभर व्हिनेगर फिरवलं की जातात.

नॉनस्टिकबद्दल आमचं मत सरळ आहे: एक पॅन घ्या, २४ सेंटिमीटरचा, मध्यम किमतीचा, आणि तो काही वर्षांनी टाकून द्यायचा आहे हे धरूनच घ्या. सगळ्यात महागडा घेण्यात अर्थ नाही, कारण लेप शेवटी दोघांचाही जातो. तो लेप बहुधा टेफ्लॉनचा, म्हणजे १९३८ साली रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अपघाताने सापडलेल्या पदार्थाचा असतो. २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो ठीक राहतो, त्यापुढे बिघडू लागतो आणि आणखी तापला की निघणारा धूर माणसाला ताप आणतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या तर जिवावर बेततं. इंडक्शनच्या पूर्ण आचेवर ठेवलेला रिकामा पॅन काही मिनिटांतच तिथे पोचतो, म्हणून नॉनस्टिकमध्ये तेल आधी आणि आच नंतर. ‘पीएफओए नाही’ या ठळक अक्षरांना फार महत्त्व देऊ नका. ते रसायन लेप तयार करताना वापरायचे आणि अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंतच सोडलं. लेप टेफ्लॉनचा आहे की नाही हे त्या ओळीवरून समजत नाही. सिरॅमिक लेप जास्त आच सोसतो, पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. डब्यातून फवारायचं तेल दोन्हींवर नको, त्यातलं लेसिथिन चिकट थर होऊन बसतं आणि घासूनही निघत नाही.

लोखंडाला पर्याय नाही असं मानणाऱ्यांसाठी परदेशी ओटा वाईट नाही. बीड जड असतं (२६ सेंटिमीटरचा पॅन अडीच किलोच्या आसपास), हळू तापतं, पण तापल्यावर थंड पदार्थ टाकला तरी चटकन उतरत नाही. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी (कार्बन स्टीलचा) पॅन जरा हलका आणि लवकर हुकमात येणारा. नवा आणला की गरम पाणी आणि साबणाने कारखान्यातलं तेल किंवा मेण काढा, पूर्ण कोरडा करा, सूर्यफुलाचं तेल अगदी पातळ चोळा आणि मग जणू तेल लावलंच नाही इतकं पुसून टाका. ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर पालथा ठेवा. असं तीनदा, म्हणजे तेलाचा थर पक्का बसतो. थर चिकट झाला तर तेल जास्त झालंय. दांडा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असेल तर हे ओव्हनमध्ये करायचं नाही, हे सांगायला नको. खिडकी आधीच उघडा, कारण धुराची घंटा छताला असते आणि बऱ्याच घरांतला चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. टोमॅटो किंवा चिंच असलेलं काही या पॅनमध्ये बराच वेळ शिजवलं तर थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

काचेवर पॅन ओढू नका, उचलून ठेवा. बिडाच्या खरखरीत बुडाने चरे पडतात आणि अॅल्युमिनियमचे करडे ओरखडे उठतात. साखरेचा पाक सांडला तर मात्र थांबायचं नाही. हातमोजा घालून, काच गरम असतानाच पात्याने खरवडा. गार झालेला पाक निघताना काचेचा टवका घेऊन निघतो, आणि मग घरमालकाशी गाठ.

बूड वाकण्याची दोन कारणं नेहमीची: रिकाम्या पॅनखाली पूर्ण आच आणि तापलेल्या पॅनवर थंड पाण्याची धार. वाकलेला पॅन तारेच्या शेगडीवर फार वेळ खातो. बूड काचेला नीट टेकत नाही, खाली उष्णता साठते आणि सुरक्षेसाठी वेटोळं सारखं बंद-चालू होत राहतं.

दोघा-चौघांच्या घराला १६ सेंटिमीटरचं दीड लिटरचं पातेलं, २० चं तीन लिटरचं, २४ चं पाच लिटरचं, एक २८ चा स्टीलचा किंवा पोलादी पॅन आणि वर सांगितलेला नॉनस्टिक, एवढ्यावर भागतं. सुटे नग घ्या. दांडा रिव्हेटचा असला तरी ओव्हनमध्ये चालतो का ते विचारा. बेकेलाइटचे दांडे आणि काचेची झाकणं यांची मर्यादा बरेचदा १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. भांडी धुण्याच्या यंत्रात स्टील बिनधास्त टाका. अॅल्युमिनियम, काळं हार्ड अॅनोडाइज्डसुद्धा, त्या साबणाच्या क्षाराने करडं पडतं, लोखंड गंजतं.

घरून काय आणायचं? जर्मलचा (अॅल्युमिनियमचा) कुकर इंडक्शनवर चालणार नाही, स्टीलचा जाड बुडाचा आणा. त्याच्या जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आठवणीने घ्या, परदेशात त्याच मापाचे मिळतीलच असं नाही. तारेच्या शेगडीवर शिट्ट्या झाल्या की बटण बंद करून कुकर बाजूला उचलून ठेवा, कारण काच बराच वेळ गरम राहते आणि आणखी एखादी शिट्टी होतेच. इंडक्शनवर बटण बंद केलं की आच तिथेच थांबते. कान नसलेली पातेली आणणार असाल तर पक्कडही आणा. एकेरी इंडक्शन शेगडी मात्र उत्तर अमेरिकेत नेऊ नका, ती २३० व्होल्टची आणि तिथल्या साध्या प्लगमध्ये १२० व्होल्ट. कल्हईच्या भांड्यांना परत कल्हई करून देणारं कुणी सहज सापडणार नाही, आणि कथील २३२ अंशांवर वितळतं, त्यामुळे ती घरीच बरी.