फोटोच्या डाव्या कडेची पाटी

व्हँकूवरजवळच्या एका छोट्या स्थानिक इतिहास संग्रहालयात मी जुने फोटो स्कॅन करून त्यांच्या नोंदी करते. लोक घरचे अल्बम घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, हा फोटो कधीचा? तिथे चेहऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही. कामी येतात ती मागे दिसणारी दुकानं. स्पेन्सर्स, वुडवर्ड्स, ईटन्स, हडसन्स बे. १ जून २०२५ ला हडसन्स बेनेही दारं बंद केली आणि या चौघांतलं आता एकही उरलं नाही. पण कधी कोणाची पाटी चढली, कधी उतरली, यावरून साल काढता येतं.

त्या दिवशी आलेल्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, जपानी वंशाच्या कॅनेडियन होत्या. पाकिटात पोस्टकार्डाएवढा एकच फोटो. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या फुटपाथवरून त्यांची आजी चालत येतेय. डोक्यावर हॅट, एका हातात सुतळीने बांधलेलं पुडकं, कडेवर वर्षभराचं मूल.

"ही माझी आई," मुलावर बोट ठेवत त्या म्हणाल्या. "१९४७ चा आहे हा."

घरी भिंतीवर लावलेली याचीच मोठी प्रत त्यांनी मोबाइलवर दाखवली. तिच्यात आजी आणि मूल एवढंच होतं, आजूबाजूचा रस्ता कापून टाकलेला.

१९४७ ऐकूनच मला खटकलं. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू ठरला म्हणून १९४२ मध्ये कॅनडा सरकारने या किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवलं. त्यातले बहुतेक इथलेच नागरिक होते. मोठ्यांना १५० पौंड सामान नेता येत होतं, मुलांना ७५. मागे राहिलेली घरं, दुकानं, मासेमारीच्या बोटी त्यांना न विचारता विकल्या गेल्या. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ ला, युद्ध संपून साडेतीन वर्षं उलटल्यावर. हे कितीदा वाचलं तरी मला संताप येतो. बाईंच्या आईचा जन्म १९४६ चा, डोंगरातल्या न्यू डेन्व्हरच्या छावणीतला. मग १९४७ मध्ये ती हेस्टिंग्ज स्ट्रीटवर कशी असेल?

पण घरात वर्षानुवर्षं सांगितलेलं साल मी तोंडावर खोडत नाही. आधी फोटो स्कॅनरवर ठेवला.

पहिल्यांदा बघायची ती रस्त्याची बाजू. व्हँकूवरमध्ये १९२१ संपेपर्यंत गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालायच्या, १ जानेवारी १९२२ पासून उजवीकडून. इथे उजवीकडून होत्या. दूर छपरांच्या वर वुडवर्ड्सचा पोलादी मनोरा दिसत होता. चार्ल्स वुडवर्ड यांचं हेस्टिंग्ज आणि ॲबटच्या नाक्यावरचं दुकान १९०३ चं, मनोरा १९२७ चा. त्याच्या टोकावर तेव्हा शोधझोत होता. महायुद्धात तो काढावा लागला आणि पुढे तिथे लाल निऑनचं प्रचंड 'डब्ल्यू' आलं. इथल्या जुन्या लोकांना वुडवर्ड्स म्हटलं की ते डब्ल्यूच आठवतं. मी मनोऱ्याचं टोक स्क्रीनवर मोठं केलं. डब्ल्यू नव्हतं.

आणि डाव्या कडेला, भिंतीवरच्या प्रतीत जो भाग कापला गेला होता नेमक्या त्यातच, एका पाटीची पहिली चार अक्षरं होती. स्पेन्सर्स! डेव्हिड स्पेन्सर यांनी १८७३ मध्ये व्हिक्टोरियात सुरू केलेला हा व्यवसाय १९४८ च्या अखेरीस ईटन्सने विकत घेतला आणि व्हँकूवरच्या दुकानावरचं नाव बदललं. आज त्या इमारतीत सायमन फ्रेझर विद्यापीठाचे वर्ग भरतात. म्हणजे लोक परत येऊ लागले त्याच्या आधीचा हा फोटो, आणि १९४२ नंतर आजी इथे नव्हती. उरला तो काळ १९२७ ते १९४२ च्या सुरुवातीपर्यंतचा.

हे सगळं मी बाईंना शेजारी बसवून, स्क्रीनवर एकेक खूण दाखवत सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मग ही आई नाहीच," त्या म्हणाल्या आणि तिथूनच आईला फोन लावला. अर्धं इंग्रजी, अर्धं जपानी. बोलणं बराच वेळ चाललं.

आईला एक मोठा भाऊ होता. छावणीतल्या पहिल्याच हिवाळ्यात, पातळ फळ्यांच्या खोपटात, तो गेला. आजीने पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. लहानपणी आईने फोटोतल्या बाळाकडे बोट दाखवून "ही मीच ना?" असं विचारलं, तेव्हा आजीने नुसती मान हलवली होती. त्याचा एकही फोटो उरला नाही, असंच आई इतकी वर्षं धरून चालली होती.

नोंदीत मुलाच्या रकान्यात मी त्याचं नाव घातलं, बाईंनी अक्षरं सांगितली तसं. कडा न कापता पूर्ण फोटोची मोठी प्रतही त्यांना काढून दिली.

१९२७ ते १९४२ हा पट्टा मात्र फार रुंद आहे. उजवीकडे एका चपलांच्या दुकानाचं नाव अर्धवट वाचता येतं. शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये रस्त्यावरच्या एकेका क्रमांकापुढे त्या वर्षी तिथे कोण होतं ते छापलेलं असे. मी एकेक साल उलटत ते दुकान शोधतेय. मुलाचं जन्मवर्ष त्याच्या बहिणीला हवं आहे, आणि ती आता ऐंशीच्या घरात आहे.