तीनदा परत आलेला विषय

लाल शाईतला तो शेरा मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे : ‘विषय व्यापक. संदर्भसाहित्य अपुरे. पुनर्विचार करावा.’ एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधाचा विषय मान्य करून घेण्यासाठी भरलेला माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता, आणि तिन्ही वेळा शेरा हाच. विषय व्यापक असेल तर त्यावर ढीगभर लिहिलेलं सापडायला हवं. साहित्य अपुरं असेल तर विषय फार बारीक असायला हवा. मग दोन्ही एकदम कसं? विचारायला गेले तर समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी, तोवर कुणी बोलायला मोकळं नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला अर्ज ‘ज्येष्ठ नागरिकांच्या समस्या’ असा होता. तो परत आला ते बरोबरच झालं, त्यात दहा जणांचे प्रबंध मावले असते. दुसऱ्यांदा ‘आजी-आजोबा आणि नातवंडे यांचे संबंध’. तिसऱ्यांदा ‘नातवंडांचा सांभाळ करणाऱ्या आजी-आजोबांच्या समस्या’. आता याहून नेमकं काय लिहायचं, असं मला मनापासून वाटत होतं.

हा विषय मी उगाच धरून बसले नव्हते. फिल्डवर्कमध्ये एका आजींच्या घरी माझं जाणं-येणं होतं. मुलगी वारलेली, जावयाचा पत्ता नाही, दोन नातवंडं त्यांच्या पदरात. एका दुपारी गेले तर त्या शाळेचा फॉर्म मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खाली सहीच्या दोन चौकटी, एकीवर ‘आई’, दुसरीवर ‘वडील’. पेनचं टोपण दातात, पेन उघडं हातात. म्हणाल्या, ‘ताई, यात मी कुठं सही करू?’ मी दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी तिथं सही केली, पण दोन्हीकडच्या रेघांना अक्षर लागू नये म्हणून इतकी बारीक केली की वाचताच येईना. त्या दिवशी माझा विषय ठरला. अर्जात मात्र यातलं काहीच उतरलं नव्हतं, ‘समस्या’ एवढा एक शब्द उतरला होता.

मग ते तीन आठवडे. ‘साहित्य अपुरे’ हे खोडून काढायचं या जिद्दीने मी रोज संगणकापुढे बसायचे. गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधन-निबंध शोधायचं गूगलचं पान, उघडायचं, मनातलं मराठी वाक्य इंग्रजीत करायचं आणि टाकायचं : मुलांची काळजी घेणारे आजी-आजोबा. निकाल लाखांनी यायचे. पहिली पाच पानं वाचली तर निम्मे निबंध आई-वडील नोकरीला गेल्यावर दिवसा मुलं बघणाऱ्या आजी-आजोबांवर. संध्याकाळी मुलं आपापल्या आईकडे परत. माझ्या आजींच्या घरी संध्याकाळी कुणीच परत येत नव्हतं. उरलेल्या निम्म्यांमध्ये आजी-आजोबांचा आहार, त्यांची स्मरणशक्ती, नातवंडांचं वजन. मी शब्द फिरवून बघितले : ‘आई-वडील नसलेली मुलं’ टाकलं की अनाथाश्रम यायचे, ‘वृद्ध’ आणि ‘मूल’ एकत्र टाकलं की वृद्धांचे स्वतःच्या मुलांशी संबंध. रोज वहीत तारीख घालायचे आणि खाली लिहायचे, ‘उपयोगी : ०’ किंवा फार तर ‘१’. पंधरा दिवसांनी मलाच वाटायला लागलं की समितीचं बरोबर असेल, यावर कुणी लिहिलेलंच नसेल.

सुटका केली ग्रंथपालबाईंनी. त्यांच्याकडे मी एक जुना अंक मागायला गेले होते. त्यांनी माझी वही बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘तू याला जे म्हणतेस ते राहू दे. या विषयात काम करणारे याला काय म्हणतात?’ मला उत्तर देता येईना. त्यांनी माझ्याच पेनाने वहीच्या समासात दोन शब्द लिहिले : किनशिप केअर.

त्या दोन शब्दांनी अख्खं कपाट उघडलं. आई-वडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलांचा नातलगांनी पूर्णवेळ केलेला सांभाळ, याला समाजकार्याच्या लेखनात किनशिप केअर म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेल्या मुलांच्या पर्यायी सांभाळाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हाच शब्द आहे, आणि त्यात नातलगांबरोबर मुलाच्या ओळखीचे जवळचे कौटुंबिक स्नेहीही धरले आहेत. हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय तिथेच दोन प्रकार स्पष्ट दिसतात. न्यायालयाने किंवा बालकल्याण यंत्रणेने मूल नातलगांकडे सोपवलेलं असेल तर तो औपचारिक सांभाळ. घरच्या घरी ठरून मूल आजीकडे आलं असेल, कुठे कागद नाही, तर तो अनौपचारिक. माझ्या आजींच्या हातात कागद नव्हता, म्हणून तर सही दोन चौकटींच्या मध्ये गेली.

त्यानंतर ग्रंथपालबाईंनी मला जे शिकवलं ते मी पुढच्या प्रत्येकाला सांगते. एक चांगला निबंध मिळाला की आधी त्याचा सारांश वाचू नका. सारांशाखाली लेखकाने दिलेले ‘कीवर्ड’ बघा. तोच निबंध एखाद्या डेटाबेसमध्ये, म्हणजे निबंधांच्या संगणकीय सूचीत, असेल तर तिथल्या माणसांनी त्याला लावलेल्या विषयसंज्ञा बघा. हे सगळे शब्द एका कागदावर उतरवा. माझा कागद असा भरत गेला : ग्रँडपेरेंट केअरगिव्हर, कस्टोडियल ग्रँडपेरेंट, ग्रँडफॅमिली, आणि मधली पिढीच घरात नाही अशा कुटुंबासाठी स्किप्ड जनरेशन. अमेरिकन निबंधांत ‘केअरगिव्हर’, ब्रिटिश निबंधांत बहुतेक ठिकाणी ‘केअरर’. ब्रिटनमधल्या लेखनात ‘फॅमिली अँड फ्रेंड्स केअर’ असाही शब्द येतो, आणि तो हाताशी नसेल तर तिकडचं बरंच काम नजरेआड राहतं. एकाच आजीला इतकी नावं. मी पंधरा दिवस त्यातलं एकही न उच्चारता तिला हाका मारत होते.

शब्द हातात आल्यावर शोध कसा घ्यायचा हे तासाभरात जमलं. एकाच अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घालायचे, वेगळ्या अर्थाचे ‘अँड’ने जोडायचे, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत. दोन शब्दांची संज्ञा असेल तर दुहेरी अवतरणचिन्हात, नाहीतर ‘किनशिप’ एकीकडे आणि ‘केअर’ दुसरीकडे असे निबंध गोळा होतात. ‘ग्रँडपेरेंट’च्या शेवटी तारका दिली की अनेकवचनापासून ‘ग्रँडपेरेंटिंग’पर्यंत सगळी रूपं एका फटक्यात येतात. मात्र ही तारका डेटाबेसमध्ये चालते, गूगल स्कॉलरमध्ये नाही. मी तिथे चार दिवस तारका टाकत होते.

कुठे शोधायचं? आमच्या विषयासाठी सोशल वर्क ॲबस्ट्रॅक्ट्स आधी, मग मानसशास्त्राचा सायकइन्फो, मग सोशिऑलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स. हे ग्रंथालयाच्या लॉगिनवर मिळतात. आजींच्या तब्येतीचा, ताणाचा भाग पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसवर मिळाला, ते सगळ्यांना मोफत आहे. गूगल स्कॉलर मी सोडलं नाही. त्याचा खरा उपयोग निबंधाखालच्या ‘साइटेड बाय’ या दुव्यात आहे. समजा एखादा निबंध २०१४चा असेल, तर त्याचा आधार पुढे कुणी कुणी घेतला हे तिथे दिसतं. निबंधाच्या शेवटच्या संदर्भयादीतून मागे जायचं, या दुव्यातून पुढे यायचं. एका चांगल्या निबंधावरून मला दोन दिवसांत सव्वीस निबंध मिळाले, आणि वहीत ‘उपयोगी’पुढे दोन आकडी संख्या पहिल्यांदा लिहिली तेव्हा मी ती ग्रंथपालबाईंना नेऊन दाखवली. ‘ग्रँडफॅमिलीज’ नावाचं अख्खं संशोधन-नियतकालिक निव्वळ याच विषयाला वाहिलेलं आहे आणि ते खुलं आहे, कुणीही वाचावं. आणि माझ्या अर्जावर शेरा : ‘संदर्भसाहित्य अपुरे’.

यातच मला कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधन-संस्थेचं २०१४चं पद्धतशीर समीक्षण, म्हणजे एका प्रश्नावरचे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून काढलेला निष्कर्ष, सापडलं. त्यात १०२ अभ्यास एकत्र तपासले आहेत, मुलांची संख्या ६,६६,६१५. छळ किंवा हेळसांड झाल्यामुळे घरातून काढलेली मुलं नातलगांकडे ठेवली तर यंत्रणेने नेमलेल्या परक्या पालक-कुटुंबात ठेवलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या वागणुकीच्या अडचणी कमी, मानसिक आरोग्य बरं आणि पुन्हा पुन्हा घर बदलावं लागण्याची वेळ कमी, असं ते सांगतं. परक्या कुटुंबातल्या मुलांना दत्तक जाण्याची आणि मानसोपचार सेवा मिळण्याची शक्यता मात्र जास्त. मूळ अभ्यासांच्या पद्धतीत कच्चे दुवे आहेत हेही लेखकांनी लपवलेलं नाही. मी हे रात्री वाचत होते आणि एका ओळीपाशी थांबले : घरातून काढलेली मुलं. म्हणजे यंत्रणेने काढलेली, कागद असलेली. माझ्या आजींची नातवंडं या साडेसहा लाखांत येऊच शकत नव्हती.

तिथे माझा विषय नेमका झाला, आणि लाल शेऱ्यातलं कोडंही सुटलं. व्यापक आणि अपुरं या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच. माझ्या शीर्षकातले शब्द इतके ढोबळ होते की त्यांच्या मापाचं साहित्य असणंच शक्य नव्हतं. हे मला कुणीही एका वाक्यात सांगू शकलं असतं. ‘या क्षेत्रातल्या संज्ञा शोधा’ एवढं कुणी लाल शाईत लिहिलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. मार्गदर्शन करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून विनंती, ‘पुनर्विचार करावा’ लिहिताना कशाचा ते लिहा.

चौथ्या अर्जात मी लिहिलं : ‘न्यायालयीन आदेशाविना नातवंडांचा पूर्णवेळ सांभाळ करणाऱ्या आजींचे शाळेशी व्यवहार करतानाचे अनुभव : एक गुणात्मक अभ्यास’. कोण, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या बाबतीत, कोणत्या पद्धतीने, चारही आले. ‘समस्या’ हा शब्द काढला, कारण तो ठेवला की मुलाखतीआधीच उत्तर ठरतं. आजी एखादी गोष्ट अभिमानाने सांगतील तर ती कुठे लिहायची? अर्ज पहिल्या बैठकीत मान्य झाला. संशोधनात कुणावर दडपण येऊ नये हे बघणाऱ्या नीतिसमितीचं काम आठवड्यात उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट मनाला लागली : ज्या आजींमुळे हे सुरू झालं त्यांची मुलाखत मला घेता येणार नव्हती, कारण मी त्यांच्या घरी मदतनीस म्हणून जात होते आणि त्यांना मला ‘नाही’ म्हणणं जड गेलं असतं. नियम योग्य आहे. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग बाकीच्यांना विचार. आमच्या गल्लीतच तिघी आहेत.’

आठवलं म्हणून मध्येच सांगते. निबंध पैसे मागत असेल तर लगेच बंद करू नका. स्कॉलरमध्ये ‘ऑल व्हर्जन्स’वर क्लिक केलं की लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत बऱ्याचदा मिळते. अनपेवॉल ब्राउझरमध्ये जोडून घ्या, कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते दाखवतं. तेही नाही तर ग्रंथालयाकडून आंतरग्रंथालयीन मागणी करा, किंवा लेखकाला चार ओळींचं नम्र ईमेल टाका. मी तिघांना टाकलं, दोघांनी निबंध पाठवला आणि एकीने वर शुभेच्छाही लिहिल्या.

तज्ज्ञ-परीक्षित, म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांनी तपासलेले निबंध छापणाऱ्या, नियतकालिकातलं सगळंच तज्ज्ञ-परीक्षित नसतं. संपादकीय आणि पुस्तक परीक्षणं त्या तपासणीतून गेलेली नसतात, ती संदर्भात मोजू नका. आणि चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी तपासल्याशिवाय अर्जाला जोडू नका. माझ्या वर्गातल्या एकाच्या यादीतले चार निबंध अस्तित्वातच नव्हते, लेखकांची नावं आणि वर्षं अगदी खरी वाटावीत अशी. निबंधाचा डीओआय, म्हणजे निबंधाची ओळख असलेला, १०ने सुरू होणारा क्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. निबंध खरा निघाला तर तिथल्या तिथे झोटेरो या संदर्भ साठवायच्या प्रोग्राममध्ये साठवा, शेवटी संदर्भयादी करताना रात्री जागाव्या लागत नाहीत.

आणि शोधाची वही ठेवा. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, नेमके कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, किती वाचले. तोंडी परीक्षेत मला पहिलाच प्रश्न आला, ‘साहित्य पुरेसं शोधलंत हे कशावरून?’ मी वही पुढे केली. परीक्षकांनी ती पहिल्या पानापासून चाळली, ‘उपयोगी : ०’ लिहिलेली सगळी पानं पाहिली, आणि किनशिप केअर लिहिलेल्या समासापाशी थांबून विचारलं, ‘हे अक्षर कुणाचं?’ मी ग्रंथपालबाईंचं नाव सांगितलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते पहिलं आहे.