इस्मिनीनंतर

पदवीआधीचे शेवटचे प्रयोग ठरले. आधी ग्रीक नाटककार सोफोक्लीझचं ‘अँटिगनी’, त्यात मी तिची बहीण इस्मिनी. मग मी बसवत असलेलं सॅम्युएल बेकेटचं ‘कम अँड गो’. सगळ्यात शेवटी वर्गमैत्रिणीच्या एकपात्रीची प्रकाशयोजना. तिन्ही कामांच्या वह्या वेगवेगळ्या ठेवायच्या आहेत, पण डोक्यात तिन्ही एकमेकांत मिसळून गेलीत. म्हणून आज इथे लिहून काढते.

इस्मिनीचं काम लांबीच्या हिशेबाने लहानच. दोन प्रवेश. पहिल्यात अँटिगनी तिला सांगते, राजा क्रेऑनचा हुकूम मोडून भावाचं प्रेत पुरायचं. इस्मिनी नाही म्हणते. आपण बायका, सत्ता असलेल्यांशी झुंजणं आपल्याला झेपणारं नाही. दुसऱ्या प्रवेशात तिला क्रेऑनसमोर आणतात आणि ती म्हणते, मीही यात होते. तिने काहीही केलेलं नसतं. अँटिगनी तिला झिडकारते: तू जगणं निवडलंस, मी मरण.

नाही म्हणणारी ही मुलगी काही वेळात मरायला तयार होऊन परत येते. मधे काय झालं? ती आत वेडीपिशी झालेली आपण पाहिली, एवढंच क्रेऑन सांगून जातो. बाकी सगळं नटीने शोधायचं. इस्मिनीला भित्री म्हणून उभी केली तर दुसरा प्रवेश खोटा पडतो, याबद्दल माझी खात्री आहे. पहिल्या प्रवेशात तिचं एक मोठं भाषण आहे. बापाचा नाश, आईचा गळफास, एकमेकांच्या हातून मेलेले दोन भाऊ, सगळं ती एकेक करून बहिणीपुढे मांडते. मी ते घाबरून म्हणत नाही. गेलेल्यांची नावं घेत घेत मी समोर उभ्या असलेल्या बहिणीपाशी येते आणि तिथे आवाज आपोआप बदलतो. तिला एवढी एक तरी वाचवायची आहे. नकार तिथून येतो.

यानंतर इस्मिनी नाटकातून नाहीशी होते. क्रेऑन आधी दोघींनाही मारायला निघालेला असतो. वृद्धांचा कोरस, म्हणजे एका सुरात बोलणारा समूह, विचारतो, खरंच दोघींना? तेव्हा तो म्हणतो, नाही, जिने हात लावला नाही तिला सोडतो. म्हणजे तिची सुटका होते तेव्हा ती मंचावर नसते. पुढे तिचं नावही कुणी घेत नाही. अँटिगनी तर मरणाकडे जाताना स्वतःलाच राजघराण्यातली शेवटची म्हणवते. बहीण आत जिवंत असताना! हे वाक्य मी विंगेतून ऐकते आणि प्रत्येक तालमीला ते मला लागतं.

नाटक बसवणाऱ्या मॅडमनी यातून एक वाट काढली आहे. इ.स.पू. ४४१च्या सुमारास हे नाटक झालं तेव्हा बोलणाऱ्या सगळ्या भूमिका तीन नटांमध्ये वाटलेल्या असत. सगळे पुरुष, चेहऱ्यावर मुखवटे. इस्मिनी करणारा नट विंगेत बसून राहत नसे, तो दुसरा मुखवटा चढवून परत येई. मॅडमनीही तसंच ठरवलं आहे: शेवटी अँटिगनीच्या मरणाची बातमी आणणारा दूत मीच करायचा. कोंडलेल्या गुहेत तिने गळफास लावून घेतला, तिचा नियोजित वर, क्रेऑनचा मुलगा हेमॉन, याने तिला मिठी मारली, मग त्याने स्वतःवर तलवार चालवली, हे सगळं मी सांगायचं. मी, जी थोड्या वेळापूर्वी तिची बहीण होते.

मॅडमचं म्हणणं, दूताच्या आवाजात इस्मिनीचा लवलेशही नको. मुखवटा आहे, चाल वेगळी आहे, प्रेक्षकाने ओळखलं तर त्याचं, नाही तर नाही. मला हे पटतं, तरी अंगाला पटायला वेळ लागतो आहे. दूताचं काम नीट सांगण्याचं आहे. कोण कुठे होतं, आधी काय दिसलं, दोर कशाचा होता. मी रडले तर तपशील बुडतात, आणि तपशील बुडाले तर ऐकणाऱ्या राणीला, हेमॉनच्या आईला, कळणार तरी काय? काल ते निवेदन मी एका संथ लयीत, कुठेही न थांबता म्हणून पाहिलं. संपल्यावर हात गार पडले होते. मॅडम फक्त म्हणाल्या, हेच ठेव.

‘कम अँड गो’बद्दल लिहायला बसले तर ते नाटकापेक्षा लांब होईल. १९६६ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झालेलं हे नाटक जेमतेम सव्वाशे शब्दांच्या आसपासचं आहे. एका बाकावर तीन बायका. एक उठून अंधारात जाते, उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात तिच्याविषयी काहीतरी सांगते. ती परत येते. मग दुसरी जाते, मग तिसरी. प्रत्येकीचं गुपित बाकी दोघींना माहीत, तिला स्वतःला नाही. आवाज जवळजवळ बेरंग ठेवायचे, जाताना पावलं वाजता कामा नयेत, टोप्यांच्या सावलीत चेहरे झाकलेले. लेखकाने सगळं इतकं बांधून दिल्यावर दिग्दर्शकाने करायचं काय, असं मला एका मित्राने विचारलं. करायला भरपूर आहे. ती कुजबुज प्रेक्षकांना ऐकू जायची नाही, पण तिथे नुसते ओठ हलवलेले मला चालणार नाहीत. म्हणून तिघींना मी आपापलं वाक्य लिहायला सांगितलं आहे आणि ते मला दाखवायचं नाही अशी अट घातली आहे. पहिल्यांदा खऱ्या वाक्यांनी तालीम झाली तेव्हा ऐकणारीच्या तोंडून निघालेला ‘अरे!’ असा काही आला की माझी वही खाली पडली. तो आता जपायचा आहे. रोज तोच ताजेपणा कसा आणायचा, याचं उत्तर आम्ही चौघी मिळून शोधतोय. परवा त्यांनी वाक्यं बदलली, तर पुन्हा जिवंत झालं.

एकपात्रीसाठी मी मंचावर नसेन, दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरपाशी असेन. मैत्रीण स्वतःच्याच संहितेत आई आणि मुलगी दोन्ही करते. तिला दर वेळी ब्लॅकआउट हवा होता, मला अजिबात नको होता. अंधार आला की तिची लय तुटते. प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ च्या पुस्तकात मांडलेली जुनी पद्धत आम्ही घेतली आहे: समोरून दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे, एक उबदार रंगाचा, एक थंड. तिने मान वळवली की चेहऱ्यावरचा रंगही सरकतो. आई आणि मुलगी यांच्यामध्ये दिवे बदलायचा एकही क्यू, म्हणजे इशारा, लागत नाही. एरवी हे तंत्र चेहरा नैसर्गिक दिसावा म्हणून वापरतात. आम्ही जिलेटिनचे, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदाचे, रंग थोडे गडद घेतले, म्हणून ते बोलायला लागलं. मला या कामात जो आनंद मिळतोय तो मंचावर मिळणाऱ्यापेक्षा कमी नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

पदवीनंतर काय, हे घरचे विचारतात, सर विचारतात, मीही विचारते. मोठं उत्तर अजून नाही, एक छोटं आहे. ‘कम अँड गो’ला एक बाक लागतो आणि वरून पडणारा एक दिवा. कुठल्याही खोलीत होईल, नाट्यगृहाची तारीख मिळायची वाट पाहायला नको. प्रयोगाच्या हक्कांची चौकशी आत्ताच करायला हवी, ते पत्र या आठवड्यात लिहिते. पदवीनंतरही हे चालू ठेवायचं का, असं काल तिघींना विचारलं. दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, परीक्षा होऊ दे, मग सांगते.