चेडर गावात चेडर बघायला जाताय? दुपारी जाऊ नका

'चेडरला जा, चीज बनताना डोळ्यांनी बघून या,' असं जो भेटला त्याने सांगितलं. कधी जायचं, ते एकानेही सांगितलं नाही. आम्ही जेवणं उरकून दुपारी पोचलो, तर काचेपलीकडे गमबूट घातलेली माणसं पाइपने हौद धूत होती. ज्या गावाच्या नावावर जगभर चीज खपतं, त्या इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीतल्या गावात आता चीज बनवणारी डेअरी एकच आहे. तिथलं काम सकाळी लवकर सुरू होतं, म्हणून मुक्काम जवळच्या वेल्स (Wells) शहरात ठेवा, वेल्स देशात नव्हे, आणि सकाळची बस धरा. आज चीज लावणार आहेत का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. चेडरला रेल्वे नाही. जुनी लाइन बंद झाली, आता तिच्यावर लोक सायकली चालवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, तेव्हा कुठे पैसे वसूल झाले. दूध कोमट करून त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, घालतात. ते घट्ट साकळलं की तारांच्या सुऱ्यांनी बारीक कापून निवळीसकट (म्हणजे सुटलेल्या पाण्यासकट) चाळीसेक अंशांपर्यंत तापवतात. निवळी सोडून दिली की तळाला दाण्यांचा थर जमतो. पुढचं काम तासभर उभं राहून बघावं असं. थराच्या लाद्या कापायच्या, एकावर एक रचायच्या, थोड्या वेळाने उलटून पुन्हा रचायच्या. वजनाने निवळी गळत राहते, आंबटपणा चढत जातो आणि लादी फाडली तर उकडलेल्या चिकनसारखे पदर सुटतात. यालाच चेडरिंग म्हणतात. मग तुकडे करून मीठ लावायचं, साच्यात भरून दाबायचं. जुन्या पद्धतीत वर मलमलीचं कापड गुंडाळून महिनोन् महिने मुरवत ठेवतात. तापमान, आंबटपणा आणि स्वच्छता यांची शिस्त या कामाला लावली ती 19व्या शतकात, सॉमरसेटच्याच जोसेफ हार्डिंगने.

शाकाहारी मंडळींनी इथे कान टवकारावेत. जुन्या वळणाच्या चेडरमध्ये रेनेट बहुधा वासराच्या जठरातलं असतं आणि ते कापड चिकटवायला डुकराची चरबी लावतात. वरची साल काढून टाकली तरी रेनेट आतच राहतं. लेबलवर शाकाहारी असल्याचं लिहिलेलं असेल तरच घ्या, दुकानदाराच्या 'काही नसतं हो त्यात'वर जाऊ नका.

गावालगतच्या घळीतली गफची गुहा बघाच. आत वर्षभर साधारण 11 अंश असतात, त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर हवा. चीजचे गोल आजही तिथे मुरत ठेवलेले दिसतात. 1903 साली सापडलेला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा 'चेडर मॅन' मात्र तिथे नाही. गुहेत त्याची प्रतिकृती आहे, खरा सांगाडा लंडनला. हे तिकीट काढायच्या आधी कळलं तर बरं.

आता रस्ता. चेडर गॉर्ज या घळीचा उत्तरेकडचा कडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिथे चढायला तिकीट लागत नाही. चढ खडा आहे, पण चालण्याची सवय असलेल्यांना काहीच नाही. खरा ताप उतरताना. चुनखडीचे दगड हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेत, आणि पावसाची एक सर येऊन गेली की घळीच्या वरच्या टोकाच्या ब्लॅक रॉककडची उतरण म्हणजे नुसती घसरगुंडी. गुडघे तिथेच बोलायला लागतात. खाली आल्यावर कंटाळून लोक डांबरी रस्त्याने गावाकडे वळतात. आम्हीही वळलो. अजिबात वळू नका! या बी 3135 वर वरच्या भागात फुटपाथ नाही, वळणं आंधळी, दोन्ही बाजूंना कडे, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या उडवायला आलेली पोरं. प्रत्येक हॉर्नला कड्याला पाठ लावून उभं राहायचं. त्यापेक्षा पलीकडचा दक्षिण कडा चढून परत या. जास्त दमाल, पण धडधाकट पोचाल.

गावातल्या दुकानांबद्दल: प्लॅस्टिकमध्ये बंद, गावाचं चित्र छापलेले चौकोनी तुकडे घेऊ नका. एका दुकानात त्यासाठी आमच्याकडून सुपरमार्केटच्या जवळजवळ दुप्पट पैसे घेतले आणि चव रबराची. 'चेडर' नावाला स्वतःचं संरक्षण नाही, कुठेही बनवून तेच नाव लावता येतं. 'वेस्ट कंट्री फार्महाऊस चेडर' हे नाव मात्र सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉल या चार काउंट्यांपुरतं राखलेलं आहे. लेबलवर तेच शोधा. चव दाखवत नसतील तर पुढच्या दुकानात जा.

गाडी असेल तर गावाला अर्धा दिवस पुरे. उरलेल्या वेळात नॉर्थ कॅडबरी किंवा वेस्टकूम या गावांच्या बाजूला जा, कच्च्या दुधाचं, कापडात मुरलेलं चेडर तिकडच्या शेतांवर बनतं. अशाच एका ठिकाणी माणसाने गोलात लोखंडी नळी खुपसून पेन्सिलीएवढा तुकडा बाहेर काढला, हुंगला, टोकाचं चिमूटभर आम्हाला दिलं आणि उरलेली गुळी परत भोकात बसवून वरून बोटाने लिंपून टाकली. त्या चिमटीला आधी खारट, मग आंबट, मागून भाजल्या दाण्यासारखी चव होती. तेच घेतलं. घेतलंत तर मेणकागदात गुंडाळून ठेवा.